नाव उचलणे : दहा आज्ञांपैकी एका आज्ञेचा इतिहास

१/ एका न्यायालयाची कल्पना करा. आरोपीने देवाचे नाव घेऊन देवालाच शाप दिला, असा आरोप आहे. साक्षीदार हजर आहेत. पण साक्षीदाराने ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारले, तर तोच अपराध भर न्यायालयात पुन्हा घडणार. मग साक्ष घ्यायची कशी?

२/ इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात यावर तोडगा सांगितला आहे. खटला चालू असेपर्यंत साक्षीदारांनी देवाच्या नावाऐवजी 'योसे' हे साधे माणसाचे नाव वापरायचे. हिब्रू लिपीत तेही चारच अक्षरांचे. मात्र केवळ या पर्यायी शब्दाच्या आधारावर कोणाला मृत्युदंड देता येत नाही. म्हणून शेवटी सगळ्या लोकांना बाहेर काढायचे आणि ज्येष्ठ साक्षीदाराला सांगायचे की, जे ऐकलेस ते आता स्पष्ट बोल. तो बोलतो. ते ऐकताच न्यायाधीश उठून उभे राहतात आणि आपली वस्त्रे फाडतात. ती वस्त्रे पुन्हा कधीही शिवायची नाहीत. दुसऱ्या साक्षीदाराने ते वाक्य उच्चारायचे नाही, आपणही तेच ऐकले एवढेच म्हणायचे.

३/ पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी हे वर्णन वाचले, तेव्हापासून ते मनातून गेलेले नाही. गंमत म्हणजे मिश्ना लिहिली गेली त्या काळात यहुद्यांच्या हाती मृत्युदंड देण्याचा अधिकारच उरला नव्हता. यरुशलेमचे मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळले होते. म्हणजे हे बहुतांशी कागदावरचे न्यायालय होते. तरीही एका शब्दाला इतके जपणारी माणसे कोण होती आणि त्या जपण्याचा उगम कुठे होता, हा प्रश्न उरतोच. आजचा धागा त्याविषयी.

४/ दहा आज्ञांची यादी बायबलमध्ये दोनदा येते, 'निर्गम' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आणि 'अनुवाद' या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात. त्यांतली एक आज्ञा देवाच्या नावाविषयी आहे. यहुदी मोजणीत आणि बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत ती तिसरी, तर कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांत दुसरी. आज्ञा दहाच, पण कुठली कुठे तोडायची यावर एकमत नाही. त्यामुळे गोव्यातल्या कॅथलिक मुलाने 'दुसरी आज्ञा' म्हटले आणि अहमदनगरच्या प्रोटेस्टंट मुलाने 'तिसरी' म्हटले, तरी दोघे एकाच ओळीविषयी बोलत असतात.

५/ या आज्ञेचा अर्थ बहुतेकांना 'देवाचे नाव उठसूट घेऊ नये' असा वाटतो. आश्चर्य वाटले की तोंडातून देवाचे नाव निघते किंवा रागाच्या भरात त्या नावाने शिवी जाते, ते पाप. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो बराच उशिरा पुढे आलेला अर्थ आहे. मूळ हिब्रू शब्द काही वेगळेच सांगतात.

६/ आज्ञेतले क्रियापद आहे 'नासा'. त्याचा अर्थ 'घेणे' किंवा 'उच्चारणे' असा नसून 'उचलणे', 'वाहून नेणे' असा आहे. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. आपणही शपथ 'वाहतो' आणि जुन्या मराठीत शपथेसाठी 'बेलभंडार उचलणे' म्हणत. काहीतरी पवित्र हाती उचलायचे आणि त्याच्या साक्षीने बोलायचे. हिब्रूत ती उचलायची वस्तू म्हणजे देवाचे नाव.

७/ दुसरा शब्द 'शाव'. त्याच्या अर्थच्छटा पोकळ, फोल आणि खोटे अशा आहेत. आता एक बारीक गोष्ट पाहा. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञाही त्याच यादीत आहे. 'निर्गम'मध्ये तिथे 'खोटे' या अर्थी 'शेकेर' हा शब्द आहे, पण 'अनुवाद'मध्ये त्याच जागी 'शाव' येतो. म्हणजे नावाच्या आज्ञेतला शब्द आणि खोट्या साक्षीच्या आज्ञेतला शब्द एकच. 'लेवीय' ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर देवाच्या नावाने खोटी शपथ घेण्यास सरळसरळ मनाई आहे. या आज्ञेच्या मुळाशी शिवी नसून खोटी शपथ आहे, असे मला वाटते ते या पुराव्यामुळे.

८/ खोट्या शपथेला एवढे महत्त्व का? त्यासाठी त्या काळचा व्यवहार पाहावा लागेल. 'निर्गम'च्या बाविसाव्या अध्यायात एक तंटा आहे. एकाने आपला बैल किंवा गाढव शेजाऱ्याकडे सांभाळायला ठेवले. ते मेले, जायबंदी झाले किंवा कोणी हाकून नेले. पाहणारा कोणी नाही. अशा वेळी काय करायचे? शेजाऱ्याने देवासमोर शपथ घ्यायची की, मी त्याच्या मालाला हात लावला नाही, आणि मालकाने ती शपथ मान्य करायची. भरपाई नाही. विषय संपला.

९/ म्हणजे जिथे कागद नाही, साक्षीदार नाही, पोलीस नाही, तिथे न्यायाचे सारे ओझे एका उच्चारावर होते. तो उच्चार खोटा असेल, तर ज्याचा बैल गेला त्याला कुठेच दाद नाही. इतकेच नव्हे, तर लुबाडणाऱ्याने स्वतः देवालाच चोरीतला साथीदार करून घेतलेले असते. जखऱ्या या संदेष्ट्याच्या एका दृष्टान्तात उडणारी एक प्रचंड गुंडाळी येते, आणि ती नेमकी दोघांच्या घरात शिरून घर उद्ध्वस्त करते. एक चोराच्या आणि दुसरे देवाच्या नावाने खोटी शपथ घेणाऱ्याच्या. ही जोडी अपघाताने जुळलेली नाही.

१०/ मग त्या काळी लोक देवाचे नाव उच्चारायला घाबरत होते का? मुळीच नाही. इस्राएलच्या देवाचे नाव हिब्रूत चार व्यंजनांचे आहे : योद, हे, वाव, हे. हिब्रू बायबलमध्ये ते सहा हजार आठशेहून अधिक वेळा येते. १८६८ मध्ये सापडलेल्या मवाबी राजा मेशाच्या शिलालेखातही (इ.स.पू. नववे शतक) ते आहे. तो राजा या देवाची पात्रे लुटून आपल्या देवापुढे ठेवल्याची बढाई मारतो. १९३५ मध्ये लाखीश येथे खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. बॅबिलोनी सैन्याने यहूदाचे राज्य बुडवले त्याच्या थोडे आधीची ही लष्करी पत्रे. त्यांत कनिष्ठ अधिकारी वरिष्ठाला याच नावाने क्षेमकुशल चिंततो आणि याच नावाची शपथ घेऊन आपली बाजू मांडतो. रूथच्या कथेत बवाज शेतावर येतो तेव्हा कापणी करणाऱ्या मजुरांना याच नावाने नमस्कार करतो. आपल्याकडे वाटेत भेटल्यावर 'रामराम' म्हणतात, तसेच.

११/ इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात यहुदी सैनिकांची वसाहत होती. तिथले पपायरसवरचे करारनामे आज उपलब्ध आहेत. त्यांत मिब्ताह्या नावाच्या यहुदी बाईने इजिप्शियन माणसाबरोबरच्या मालमत्तेच्या तंट्यात साती या इजिप्शियन देवतेची शपथ घेतल्याची नोंद आहे. ती शपथ मानून समोरच्याने दावा सोडून दिला. प्रत्यक्ष जगणे धर्मग्रंथांपेक्षा असे मोकळेढाकळे असते. तंटा मिटण्याशी मतलब.

१२/ नावाभोवती कुंपण उभे राहिले ते नंतर, बॅबिलोनच्या बंदिवासानंतरच्या शतकांत, हळूहळू. वाचताना ती चार अक्षरे दिसली की 'अदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' असे म्हणण्याची रीत पडली. बायबलचे ग्रीक भाषांतर पुढे ज्या रूपात प्रचारात राहिले, त्यात त्या जागी 'क्यूरिऑस' म्हणजे 'प्रभू' हा शब्द आहे. परंतु फुआद २६६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या इ.स.पू. पहिल्या शतकातल्या पपायरसवर मजकूर ग्रीक असूनही नाव मात्र हिब्रू अक्षरांत लिहिलेले आहे. मृत समुद्राजवळच्या गुहांत मिळालेल्या काही गुंडाळ्यांत लेखकाने फक्त नावापुरती जुनी, प्रचारातून गेलेली हिब्रू लिपी वापरली आहे. काहींत तर नावाच्या जागी केवळ चार ठिपके. या पंथाच्या नियमावलीनुसार, प्रार्थनेत किंवा वाचनाच्या ओघात जरी नाव उच्चारले गेले तरी त्या सभासदाला कायमचे बाहेर काढत.

१३/ मंदिर उभे होते तोवर महायाजक वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते नाव मोठ्याने उच्चारत असे आणि अंगणातले लोक साष्टांग पडत, असे मिश्ना सांगते. मंदिर गेले आणि नावाचा उच्चारही हळूहळू विस्मरणात गेला. त्या चार व्यंजनांत मूळ स्वर कोणते होते, याचा आज फक्त तर्क करता येतो.

१४/ पण एकाच मिश्नेत दोन सूर आहेत, हे सांगायला हवे. एकीकडे अब्बा शौल म्हणतो की, जो ते नाव त्याच्या अक्षरांनुसार उच्चारतो त्याला परलोकात वाटा नाही. दुसरीकडे, माणसांनी एकमेकांना देवाच्या नावानेच अभिवादन करावे असा जुना ठराव तीच मिश्ना नोंदवते आणि आधार देते तो बवाजचा. धर्मपरंपरा म्हणजे एकसुरी आदेशांची यादी, असे समजणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून दाखवते.

१५/ आता शपथांकडे. मिश्नेतले 'शेव्हुओत' हे प्रकरण शपथांविषयी आहे आणि त्यातली उदाहरणे मोठी मजेशीर आहेत. फोल शपथ म्हणजे कोणती? दगडी खांब सोन्याचा आहे अशी शपथ. पुरुष हा स्त्री आहे अशी शपथ. आकाशात उडणारा उंट पाहिला अशी शपथ. हे ऐकून कोणी फसणार नाही. मग नुकसान कोणाचे? नुकसान नावाचे. बाराव्या शतकातला मायमोनिडीझ आणखी एक पाऊल पुढे गेला. दगड हा दगडच आहे किंवा दोन म्हणजे दोनच, अशी पूर्ण सत्य शपथही त्याने फोल ठरवली, कारण जे कोणी नाकारतच नाही त्यासाठी देवाला साक्षीला बोलावण्याचे कारण काय? तीन दिवस झोपणार नाही ही शपथही फोलच, कारण ते माणसाला शक्य नाही.

१६/ तालमूदमध्ये तर अनावश्यक आशीर्वचनही या आज्ञेखाली आणले आहे. यहुदी आशीर्वचनात देवाचे नाव असते. गरज नसताना ते म्हटले, तर भक्तीच्या भरातही नाव फुकट उचलले जाते. याच भीतीतून आणखी एक प्रथा आली. ज्यावर देवाचे नाव लिहिले आहे ते खोडायचे नाही, फेकायचे नाही. जीर्ण पोथ्या 'गेनिझा' म्हणजे साठवणीच्या खोलीत ठेवायच्या आणि नंतर पुरायच्या.

१७/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्या प्रथेचे उपकार मानायला हवेत. कैरोजवळच्या फुस्तात येथील बेन एझ्रा सिनेगॉगच्या अशाच खोलीत शेकडो वर्षांचे कागद पुरले न जाता साठून राहिले. नाव आहे की नाही हे कोण तपासत बसणार, म्हणून हिब्रू अक्षरांतला कसलाही कागद तिथे जाई. पत्रे, हिशेब, लग्नाचे करार, वाण्याच्या याद्या, सारे काही. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टरने त्यांतले जवळपास दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. बाराव्या शतकात मंगळूरला राहून मिऱ्यांचा आणि पितळी भांड्यांचा व्यापार करणारा अब्राहम बेन यिजू आपल्याला माहीत आहे तो या कागदांमुळे. अरबी समुद्रावरच्या मध्ययुगीन व्यापाराचा इतका जिवंत पुरावा आपल्या हाती आला तो, देवाचे नाव कचऱ्यात जाऊ नये या काळजीतून.

१८/ तालमूदमधला एक प्रसंग मात्र उच्चाराच्या पलीकडे जातो. नावाची विटंबना कशाला म्हणावी, अशी चर्चा चालली आहे. बॅबिलोनमधला थोर पंडित राव स्वतःचे उदाहरण देतो. मी खाटकाकडून मांस घेतले आणि पैसे लगेच दिले नाहीत, तर ती विटंबना. त्याने तोंडाने काहीच म्हटलेले नाही. पण लोक त्याला देवाचा माणूस म्हणून ओळखतात, म्हणजे नाव तो अंगावर वाहतोच आहे. 'उचलणे' या मूळ क्रियापदाशी सर्वांत इमान राखणारा अर्थ हाच, असे माझे मत.

१९/ आता ख्रिस्ती परंपरा. मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरच्या प्रवचनात येशू शपथेचा प्रश्न मुळापासूनच उपटतो. खोटी शपथ घेऊ नका एवढ्यावर न थांबता, शपथच घेऊ नका, होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही, असा त्याचा आशय. आकाशाची, पृथ्वीची, यरुशलेमची, स्वतःच्या डोक्याची शपथही नको. या यादीवरून एक गोष्ट कळते. लोक देवाचे नाव टाळून दुसऱ्या कशाची तरी शपथ घेत आणि ती मोडली तर चालते अशी पळवाट काढत. 'गळ्याची शपथ' घेऊन बोटे एकमेकांत अडकवणारी मुले आपण शाळेत पाहिली आहेत.

२०/ त्याच येशूवर पुढे देवनिंदेचाच आरोप ठेवला गेला. मार्कच्या वर्णनात महायाजक आपली वस्त्रे फाडतो. मिश्नेतल्या न्यायाधीशांची ही कृती आपण वर पाहिलीच. पण तो संवाद नीट वाचा. महायाजक प्रश्न विचारताना देवाचे नाव न घेता 'धन्यवादिताचा पुत्र' अशा अर्थाचा शब्द वापरतो आणि येशूही उत्तरात 'सामर्थ्य' असा आडवळणाचा शब्द वापरतो. देवनिंदेच्या खटल्यात ते चार अक्षरी नाव दोघांपैकी कोणीच घेत नाही. मिश्नेच्या कसोटीवर नाव उच्चारल्याशिवाय तो गुन्हा पूर्णच होत नाही. अर्थात मिश्ना या प्रसंगानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी सिद्ध झाली, म्हणून ती कसोटी जशीच्या तशी मागे लावणे धोक्याचे. अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

२१/ येशूने शपथ नको म्हटले, आणि त्याच्या नावाचे युरोप शपथेवरच उभे राहिले. संतांच्या अस्थींवर हात ठेवून सरंजामी निष्ठेची शपथ, बायबलवर हात ठेवून न्यायालयात शपथ, राज्याभिषेकाची शपथ. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने सत्य, विवेक आणि न्याय हे तीन सोबती असतील तर शपथ पाप नाही, अशी मांडणी केली. व्हाल्डेन्शियन पंथीयांनी प्रवचनाचा शब्दशः अर्थ घेऊन शपथ नाकारली, तर चौकशी करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना ती पाखंडाची खूण वाटू लागली.

२२/ शिव्यांवरची सक्तीही याच काळात वाढली. फ्रान्सचा राजा नववा लुई, जो पुढे संत ठरला, या बाबतीत निष्ठुर होता. त्याचा सोबती जोआंव्हिल सांगतो की, सिझेरियात एका सोनाराला नुसत्या आतल्या कपड्यांवर शिडीला बांधून त्याच्या गळ्यात डुकराची आतडी नाकापर्यंत येतील अशी घातली होती. पॅरिसमध्ये एका नागरिकाच्या नाकाओठांवर तापल्या लोखंडाचा डाग दिल्याचेही त्याच्या कानावर आले होते.

२३/ पण मला या सगळ्यांपेक्षा मोठा 'शाव' दिसतो तो १०९६ च्या मे महिन्यात. आदल्या नोव्हेंबरात क्लेरमाँ येथे पोपने पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली होती आणि 'ही देवाची इच्छा' ही घोषणा युरोपभर घुमत होती. ऱ्हाइन नदीच्या काठी वर्म्स आणि माइन्त्स या गावांत धर्मयोद्ध्यांच्या टोळ्यांनी यहुदी वस्त्या कापून काढल्या. काही बिशपांनी आसरा द्यायचा प्रयत्न केला, तो तोकडा पडला. अनेक यहुद्यांनी बाप्तिस्म्याऐवजी मरण पत्करले. काहींनी आधी आपल्या मुलांना आणि मग स्वतःला मारले. त्यांच्या इतिवृत्तकारांनी या मरणाला 'किद्दुश हाशेम' म्हणजे 'नावाचे पवित्रीकरण' म्हटले. एकाच रस्त्यावर दोन्ही बाजू एकाच देवाचे नाव उचलून उभ्या होत्या. त्यांतली एक बाजू हत्यार घेऊन आली होती.

२४/ यहुद्यांच्या शपथेवर तर ख्रिस्ती न्यायालयांचा विश्वासच नव्हता. तेराव्या शतकातल्या 'श्वाबेनश्पीगेल' या जर्मन कायदेसंग्रहात यहुदी माणसाने डुकरिणीच्या कातड्यावर उभे राहून शपथ घ्यावी असे सांगितले आहे. ज्या समाजाने खोट्या शपथेचा एवढा बारीक विचार केला, त्यालाच खोटारडा धरण्याची ही रीत. यहुद्यांसाठी वेगळी शपथ फ्रान्समध्ये १८४६ पर्यंत टिकली होती.

२५/ इंग्लंडकडे वळू, कारण तिथून धागा आपल्यापर्यंत येतो. १६०६ च्या कायद्याने रंगभूमीवर थट्टेने किंवा अनादराने देवाचे नाव घेणाऱ्याला दहा पौंड दंड ठरला. अर्धा राजाला, अर्धा दावा लावणाऱ्याला. परिणाम शेक्सपिअरच्या पानांवर दिसतो. 'ऑथेल्लो'च्या १६२२ च्या छापील प्रतीत इयागो तोंड उघडतो तोच ख्रिस्ताच्या रक्ताची शपथ घेत. पुढच्याच वर्षीच्या संग्रहात ती शपथ नाही, आणि अशाच पन्नासेक शपथा गळालेल्या आहेत. १७४५ च्या कायद्याने तर शिवीचे दरपत्रकच लावले. मजूर, शिपाई, खलाशी यांना एक शिलिंग, 'जंटलमन'च्या खालच्या इतरांना दोन, आणि जंटलमन व त्यावरच्यांना पाच. दुसऱ्या खेपेला दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट. हा कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता.

२६/ दंडाचे हसू येते, पण स्कॉटलंडमध्ये हसण्यासारखे काही नव्हते. टॉमस एकनहेड हा एडिंबरा विद्यापीठाचा विद्यार्थी, वय सुमारे वीस. मित्रांच्या घोळक्यात त्याने धर्मशास्त्राची टिंगल केली, त्रैक्याच्या कल्पनेची खिल्ली उडवली. साक्ष दिली ती त्याच्याच बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी. त्याने माफी मागितली, आपली मते मागे घेतली. दयेसाठी धर्मपीठाची शिफारस हवी होती. धर्मपीठाने उलट कायदा कठोरपणे चालवण्याचा आग्रह धरला. ८ जानेवारी १६९७ रोजी त्याला फाशी दिले. देवनिंदेसाठी ब्रिटनमध्ये झालेली ही शेवटची फाशी. हा धागा वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वय त्याच्या आसपासचे असेल, म्हणून मुद्दाम लिहिले.

२७/ त्याच बेटावर क्वेकर पंथीय मात्र मूळ प्रवचनाला धरून बसले होते. आम्ही एरवीही खरेच बोलतो, मग शपथ घेऊन 'एरवी खोटे बोलतो' असे कबूल का करायचे, हा त्यांचा युक्तिवाद. यामुळे त्यांना अडकवणे सोपे झाले. दुसरा आरोप सिद्ध होत नसेल, तर राजनिष्ठेची शपथ पुढे करायची. तो नाकारणार, आणि तुरुंगात जाणार. मार्गारेट फेलला १६६४ मध्ये याच कारणावरून जन्मठेप आणि मालमत्ताजप्तीची शिक्षा झाली. ती चार वर्षांनी सुटली. अखेर १६९६ च्या कायद्याने क्वेकरांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची सवलत मिळाली. एडिंबऱ्यात एकनहेड तुरुंगात गेला तेही हेच वर्ष.

२८/ आणि हिंदुस्थान? कलकत्त्याचा व्यापारी ओमीचंद आणि बार्कर यांचा खटला लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात आला, तेव्हा हिंदू साक्षीदारांची शपथ ग्राह्य धरायची का, हा पेच पडला. त्यांनी ब्राह्मणाच्या पायाला स्पर्श करून शपथ घेतली होती. १७४४ मध्ये लॉर्ड हार्डविकने ती मान्य केली. ईश्वर मानणारा माणूस आपापल्या रीतीने शपथ घेऊ शकतो. पण हिंदुस्थानातल्या कंपनीच्या न्यायालयांत उलटीच अडचण निघाली. गंगाजल किंवा कुराण हाती घेऊन शपथ घेणे अनेक हिंदू-मुसलमानांच्या मनाला पटत नव्हते. खरे बोलायला तयार असलेला माणूसही पवित्र वस्तू उचलायला कचरत होता. १८४० च्या पाचव्या कायद्याने हिंदू आणि मुसलमानांसाठी शपथ काढून तिच्या जागी प्रतिज्ञा आणली, आणि कारण म्हणून हीच अडचण नमूद केली.

२९/ आपल्या किनाऱ्यावर ही आज्ञा दोन वाटांनी आली. पोर्तुगीज गोव्यात राशोल येथे १६२२ मध्ये टॉमस स्टीफन्सची कोकणी ख्रिस्ती प्रश्नोत्तरी छापली गेली आणि तिच्याबरोबर दहा आज्ञाही. त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायपीठ बसलेले होते आणि देवनिंदा हा त्याच्या कक्षेतला गुन्हा होता. दुसरी वाट त्याहून जुनी आणि शांत. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, हिब्रू विसरल्यावरही 'शेमा' ही एक प्रार्थना त्यांच्या स्मरणात राहिली होती. तिच्या पहिल्या ओळीत ते चार अक्षरी नाव दोनदा येते आणि दोन्ही वेळा ओठांवर 'अदोनाय' असतो. अलिबाग-रेवदंड्याकडे तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी ही माणसे. त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आजच्या प्रचलित मराठी बायबलमध्येही त्या चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' छापलेले असते. कॅथलिक उपासनेत ते नाव उच्चारू नये, 'प्रभू' म्हणावे, अशी सूचना रोमने २००८ मध्ये काढली.

३०/ भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत पदग्रहणाच्या मसुद्यात दोन पर्याय दिलेले आहेत. एक ईश्वरसाक्ष शपथेचा, दुसरा गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा. दुसरा पर्याय ज्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून आला, तिची सुरुवात त्या तुरुंगात गेलेल्या क्वेकरांपासून होते. पुढच्या शपथविधीचे थेट प्रक्षेपण लागेल, तेव्हा कोण कोणता पर्याय निवडतो ते कान देऊन ऐका. आणि पहिला पर्याय निवडणाऱ्याने काय उचलले आहे, तेही आठवा.